सोमाजीची बारी

दिगू, तू गेलास आणि मला रडू यायच्या आधी हायसं वाटलं. रागावू नकोस. महिनाभर तू बसून झोपत होतास. पाठीला लोड, लोडामागे वहिनींनी लावलेलं धानाचं पोतं, आणि त्याला रेलून तू, एकेक श्वास ओढून घेत बसलेला. आडवं झालं की जीव गुदमरायचा. परवा सकाळी वहिनींचा निरोप आला, चपला न घालता धावत आलो, तर तू आडवा. कपाळावरची आठीसुद्धा गेलेली. मला वाटलं, चला, एकदाची झोप लागली बुवा याला. मग कळलं. पण जे पहिलं वाटलं ते वाटलंच, आणि ते तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपण जन्मभर एकमेकांपासून काही लपवलं नाही. ऐकून मात्र कधी घेतलं नाही.

लोक येऊन बसून जातात. जो तो म्हणतो, मोठा माणूस गेला. अरे, मोठा कसला? हट्टी म्हणा. डोकं खाणारा म्हणा. गडचिरोलीच्या कचेरीसमोरच्या एका खोलीत आपण दोघांनी वकिली केली. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. एक टेबल तुझं, एक माझं. माझे अशील तुझं बोलणं ऐकून बिथरायचे आणि तुझे माझं ऐकून हसायचे. चहा तू मागवायचास आणि बशीत ओतून अर्धा मीच प्यायचो. आज सकाळी खोली उघडली. तुझ्या टेबलाशी एक म्हातारा येऊन बसला, मी त्याला माझ्याकडे बोलावलं तर म्हणतो, ‘नाई जी, मी दिगांबर वकिलासाठी थांबून राह्यलो.’ मी त्याला काही सांगितलं नाही. बसू दिला.

तुझं एकच पालुपद होतं. ज्याच्यावर खटला, त्याला आधी कळलं पाहिजे. एवढंच. हे एवढंसं वाक्य तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की ते ऐकलं की माझं डोकं उठायचं. पण त्या काळी खरोखरच उलटा कारभार होता, हे कबूल. पोलीस खटल्याच्या कागदांचं चालान घेऊन येणार. त्यात साक्षीदारांची बयानं असणार, पण ती आपल्याला दिसणार नाहीत. आरोपी पिंजऱ्यात उभा. मग एकेक साक्षीदार येणार, बोलणार, आणि ते ऐकता ऐकता त्या बापड्याला उमगणार की आपल्यावर नेमका काय आळ आहे. आपल्याकडची माणसं तर पिंजऱ्यात उभी राहिली की समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत राहायची. काही उमगायचंच नाही त्यांना. तारखेवर तारीख पडायची आणि ती चालत यायची, चालत जायची.

मला त्यात मजा यायची, हेही सांगतो. साक्षीदार काय बोलणार ते मला ठाऊक नाही, मी काय विचारणार ते त्याला ठाऊक नाही. समोरासमोर कुस्ती. त्याच्या तोंडाकडे बघून मी ताडायचो आणि असा उलटा पाडायचो की कचेरीतले बाबू लेखणी थांबवून बघायचे. मी तुला म्हणायचो, ‘कागद आधी हातात आले तर वकिलाचं काम काय उरलं? पोस्टमनचं?’ आणि तू चष्म्यावरून बघून म्हणायचास, ‘काऊन रे गणप्या, तुह्या मजेसाठी लोकायनं अंधारात उभं राह्याचं का?’

तू नागपूरला अर्ज केलेस, दिल्लीला अर्ज केलेस. कोणी उत्तर दिलं नाही. मी तुझी चेष्टा करायचो की दिल्लीत तुझ्या अर्जांत भजी बांधून देत असतील. आणि मग, काय तुझं नशीब, कायदा खरंच आला! पोलिसांच्या खटल्यात आरोपीला सगळ्या कागदांच्या नकला आधी द्यायच्या, फुकट द्यायच्या. मॅजिस्ट्रेटनं ते कागद वाचायचे, दोन्ही बाजूंना विचारायचं. त्यात दम असेल तर दोषारोप वाचून दाखवायचा आणि खटला उभा करायचा. दम नसेल तर माणसाला तिथूनच घरी पाठवायचं. तू कचेरीतल्या झाडून सगळ्यांना जिलेबी खाऊ घातलीस. चपराश्याला दोनदा. तो कायदा तुझ्या अर्जांमुळे आला नाही, हे मी तुला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पण जिलेबी मी खाल्ली.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सोमाजीची बायको आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अनुसया. कडेवर लेकरू, पदर कमरेला खोचलेला, आरमोरीकडून पायी आलेली. आत यायला तयार नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, ‘वकीलबाबू, बारी तं एका दिसाची राह्यते. तारखेले जाचं, कबूल कराचं, घरी याचं. माह्या मालकाले इतके दिस कोठडीत काऊन ठेवलं?’

बारी म्हणजे काय ते आपल्याला विचारावं लागलं नाही. तलावाकाठच्या त्या गावची बारी साऱ्या कचेरीला ठाऊक होती, फक्त मोठ्यानं कोणी बोलायचं नाही. गाव मासे धरणाऱ्यांचं, थोडं धानाचं. बांबू सगळ्यांना लागायचा. मासे धरायच्या सापळ्यांना, टोपल्यांना, घराच्या कुडाला. बांबू जंगलात आणि जंगल सरकारचं. जंगलखात्याचा नाकेदार यायचा, भारा बघायचा आणि विचारायचा, ‘कोणी तोडला?’ आता काय सांगणार? सगळ्यांनीच तोडलेला. पण सरकारी कागदावर सारं गाव मावत नाही, तिथे एक नाव लागतं. म्हणून गावानं बारी लावून घेतली होती. या वेळी या घरचा माणूस, पुढच्या वेळी शेजारच्या घरचा. ज्याची बारी तो पुढे होऊन म्हणायचा, ‘लिहा माहं नाव.’ दंड गाव मिळून भरायचं आणि तो तारखेला गेला की त्याच्या धानाच्या बांधीत दुसरे राबायचे. नाकेदारालाही बरं, जंगलात पायपीट नको. मला या व्यवस्थेत कधी काही वावगं वाटलं नाही. तुला वाटायचं. तू म्हणायचास, एक दिवस हे अंगावर येईल.

आलंच. नाकेदाराचं डोकं तलावाच्या बांधावर फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी आरमोरीचा ठाणेदार गावात आला, त्यानं विचारलं, ‘कोण होतं?’ आणि नेहमीप्रमाणे ज्याची बारी होती तो सोमाजी पुढे झाला. ‘लिहा माहं नाव.’ ठाणेदारानं लिहिलं. पण हा बांबूचा खटला नव्हता. सरकारी माणसाला कामावर असताना मारल्याचा होता, आणि यात दंड भरून सुटका नव्हती, काही वर्षांची कैद होती. हे सोमाजीला कोणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

तू त्याला जामिनावर सोडवलंस आणि खोलीत आणून समोर बसवलंस. कसला किडकिडीत माणूस तो! खुर्चीवर बसेना, खालीच बसला.

‘सोमाजी, नाकेदाराले तू मारलं का?’

‘माही बारी हाये जी.’

‘बारी राहू दे. मारलं का नाई?’

‘बारी म्हनल्यावर झालं ना जी.’

‘अरे बापा, हो म्हन नाईतं नाई म्हन!’

‘तुमी म्हनान तसं म्हनतो,’ सोमाजी म्हणाला, आणि तुझ्या पाण्याच्या तांब्याकडे बघत बसला. मी माझ्या टेबलावरून हसलो. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग तू नकला मागितल्यास. ठाणेदार भडकला. ‘आता आरोपीले चहाबी पाजू का वकीलसायेब?’ म्हणाला. तू म्हणालास, ‘पाजा ना, पुन्यच लागन.’ पण नकला आल्या. शाई पसरलेल्या, अक्षर गिचमिड, तरी आल्या. तू त्या दोन्ही हातांनी धरल्यास, प्रसाद धरावा तशा. मी म्हटलं, आता हा वाचेल, खुणा करेल, डाव रचेल. तर तू उठून पिशवी भरायला लागलास. म्हणे, गावाला चाललो. तलावावर बसून सगळ्यांसमोर हे वाचून दाखवणार.

त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढा ओरडलो तेवढा माझ्या पोरांवर कधी ओरडलो नाही. अरे, हे कागद वकिलाच्या पिशवीत राहायचे असतात! गावात ठाणेदाराचा एखादा माणूस बसलेला असला तर? वाचता वाचता कोणी भलतंच काही बोलून गेलं तर? तुझी सनद जाईल आणि तो सोमाजी आत जाईल, आणि त्याची बायको ते लेकरू घेऊन माझ्या दारात येईल, कारण तू कुठे सापडणार? तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालास, ‘कागद सोमाजीचे हायेत. सोमाजी म्हनते, मले एकट्याले काय वाचून दाखवता, गावाले दाखवा. त्याचे कागद, त्याची मर्जी. तू येतं का?’ आलो. तुला एकट्याला जाऊ देतो होय? आरमोरीपर्यंत बस, पुढे बैलबंडी. बंडीत मी तुझ्याकडे पाठ करून बसलो होतो.

बांधावर सगळं गाव जमलं होतं. जाळी वाळत घातलेली, त्यांचा तो मासळीचा वास, खाली तलावात पोरं डुंबत होती. तू उभं राहून वाचायला लागलास. एकेक ओळ वाचायचास, मग ती त्यांच्या बोलीत सांगायचास. ‘आरोपी धिप्पाड इसम असून’ असं आलं आणि सोमाजीकडे बघून सगळे खो खो हसले. अनुसयाही हसली. सोमाजी लाजला. मग आलं, त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मागून वार केला, जिवे मारायच्या इराद्यानं. हसणं थांबलं.

‘कुऱ्हाड?’ सोमाजी म्हणाला. ‘बांबूची केस हाये ना जी?’

‘नाई सोमाजी. बांबूचं नावबी नाई याच्यात.’

‘मंग माही बारी कशाची हाये?’

तू चष्मा काढलास. त्याला सांगितलंस, ही जेलची बारी आहे, काही वर्षांची.  सोमाजीनं हातातली काडी मोडली, परत मोडली. अनुसया होती तिथेच मटकन खाली बसली आणि लेकराला छातीशी धरून पुढे-मागे डुलायला लागली. गावातला एक माणूस दुसऱ्याकडे बघेना. दिगू, मी कचेरीत किती जणांना शिक्षा ऐकताना पाहिलं होतं, पण खटला सुरू व्हायच्या आधी एखाद्याला आपल्यावरचा आळ कळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. 

आणि तेवढ्यात जाळ्यांच्या पलीकडून आवाज आला. ‘थांब रे बाबू. मागून मारलं असं कोन म्हनते?’

सखूबाई. विधवा, केस पिकलेले, अंगानं काटकुळी, तोंडात सदा तंबाखू. ती पुढे आली आणि तुझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून उभी राहिली.

‘नाकेदार म्हनते, बाई,’ तू म्हणालास.

‘झूट! साफ झूट! म्या समोरून मारलं. तोंडासमोर तोंड. त्यानं माह्या जाळ्यावर बूट ठेवला. म्या म्हनलं, पाय काढ. नाई काढला. वरतून चाकू काढला आन् जाळं कापलं, फाडफाड! म्या डोंगा ढकलाचा बांबू उचलला आन् दिला हानून. एकच. खाली बसला तो. मागून माराले म्या का चोर हाये?’

अग बाई! मी आजूबाजूला ठाणेदाराचा माणूस दिसतो का ते बघायला लागलो. तू तर कागद हातात धरून तसाच उभा. हळूहळू सगळं बाहेर आलं. सखूबाईनं नाकेदाराला मारलं हे अर्ध्या गावाला माहीत होतं. पण ते तिच्या आणि त्याच्यातलं भांडण होतं. त्यानं जाळं कापलं, तिनं एक दिली, मिटलं. त्यासाठी सरकार खटला भरेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ठाणेदार आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बांबूसाठी आला. आणि बारीत बायका नव्हत्याच, त्यामुळे सखूबाईचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. तिकडे नाकेदाराची वेगळी अडचण. एका म्हातारीनं आपल्याला एका दणक्यात खाली बसवलं हे तो साहेबाला कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून त्यानं धिप्पाड इसम उभा केला, कुऱ्हाड दिली, आणि मागून मारलं म्हटलं म्हणजे तोंड दिसलं नाही, कोणाचं नाव घ्यायला नको.

मग जे भांडण लागलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सखूबाई म्हणते, मी कचेरीत येऊन सांगते, म्या मारलं. सोमाजी म्हणतो, खबरदार, बारी माही हाये. ती म्हणते, तुही बारी बांबूची. तो म्हणतो, बारी ते बारी, मधातून बदलत नाई. जेलात जायला भांडत होते, दिगू! एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. शेवटी तू ओरडलास. तुझा तो ओरडण्याचा आवाज मी दोनचारदाच ऐकला असेल. ‘चूप! दोघंबी चूप! खटला अजून उभाच नाई झाला. तो उभा झाला तं पाहू कोनी कुठी जाचं. तवर कोनी कोनाचं नाव घेनार नाई.’

परतताना बंडीत मी पुन्हा सुरू झालो. समज, मॅजिस्ट्रेटनं दोषारोप ठेवला, तर ही बाई भर कचेरीत उभी राहील. मग सोमाजी सुटेल आणि ती आत जाईल. काय मिळवलंस? तू म्हणालास, तिचं नाव कागदात नाही, तिच्याबद्दल मला कोणी विचारलेलं नाही, माझा अशील सोमाजी आहे. ‘आन् ती उभी राहीन म्हनतं ना? म्हनून तं तू तिच्यापाशी बसशीन.’

बसलो. दुसरं काय करणार? तारखेच्या दिवशी कचेरीच्या वऱ्हांड्यात, दाराशी, सखूबाईच्या शेजारी जमिनीवर, काळा कोट घालून. येणारे-जाणारे बघत होते. ती ते कापलेलं जाळं मांडीवर घेऊन आली होती, साहेबाला दाखवायला. तिच्या तोंडात मी एकामागून एक पान कोंबत होतो, तोंड भरलेलं राहावं म्हणून. नाकेदार आला, टोपी कपाळावर ओढलेली. त्यानं सखूबाईला पाहिलं आणि लघवीला जावं तसा घाईनं कचेरीच्या आवारातल्या चिंचेमागे गेला. परत काही पुढे आला नाही.

आत मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतःच नव्या कायद्याचं पुस्तक उघडून बसले होते. त्यांच्याकडेही हा नव्या रीतीचा पहिलाच खटला. पोलिसांचा वकील बयान वाचायला लागला, ‘मागून कुऱ्हाडीच्या दांड्याने’, आणि माझ्या शेजारी सखूबाई सरसावली. तोंडातलं पान बाहेर थुंकून तिनं ‘अवं...’ म्हटलंसुद्धा. मी तिच्या मांडीवरच्या जाळ्याचं एक टोक गच्च धरलं. ती जाळं सोडेना आणि मी जाळं सोडेना. तशी ती अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, आणि आत तू बोलत होतास.

तू फार थोडं बोललास. डॉक्टरचा कागद म्हणतो, जखम कपाळावर. बयान म्हणतं, मार मागून. बरं, तेही सोडा. नाकेदार म्हणतो, तोंड दिसलं नाही. बाकीचे दोघे साक्षीदार म्हणतात, आम्ही लांब होतो. तर मग सोमाजीचं नाव या खटल्यात आलं कुठून?

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पोलिसांच्या वकिलाकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘आरोपीनं स्वतःच सांगितलं.’

‘कोणाला?’

‘ठाणेदारांना.’

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे तर कचेरीतल्या चपराश्यालाही ठाऊक. साहेबांनी कागद पुन्हा एकदा उलटसुलट केले. माझ्या हातातलं जाळं घामानं ओलं झालं होतं. मग त्यांनी लेखणी उचलली आणि म्हणाले, दोषारोप ठेवायला आधार नाही, आरोपीला सोडून द्या. बस्स. खटला उभाच राहिला नाही. सखूबाईनंच मला दंडाला धरून उठवलं. तसं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. एकदा थोरल्या पोरीचा ताप उतरला तेव्हा, एकदा त्या दिवशी, आणि परवा तुला आडवं झोपलेलं पाहिलं तेव्हा, जे काही चार क्षण तू झोपलायस असं मला वाटत होतं तेवढ्यापुरतं.

आपला वाद मात्र राहिला बघ. मी तुला म्हटलं होतं की पोलीस सावध होतील, तसे झालेत. आता बयानं इतकी घोटून लिहितात की कपाळावरची जखम कागदावरही कपाळावरच राहते. एका ठाणेदारानं तर मला तोंडावर सांगितलं, ‘तुमच्या दोस्तानं आमाले लिहायला शिकवलं.’ हे मी तुला मागच्या महिन्यात सांगितलं तर तू पोत्याला टेकल्या टेकल्या म्हणालास, ‘लिहू दे ना बापा. लिहिलेलं दिसते तं सही.’ मला पटलं नाही. अजून नाही पटलं. याच्यावर मला बरंच बोलायचं होतं, पण तुला धाप लागली आणि वहिनींनी मला उठवून बाहेर पाठवलं.

त्या महिन्यात तू मला किती वेळा सोमाजीचा खटला सांगायला लावलास! मी सखूबाईचा आवाज काढायचो, तू हसायचास, हसता हसता खोकायचास आणि वहिनी आतून ओरडायच्या, ‘भाऊजी, पुरे करा!’ मी ‘सोडून द्या’पर्यंत आलो की थांबायचो. खोकल्यामुळे थांबतो असं दाखवायचो. खरं म्हणजे त्याच्यापुढचं मला तुझ्यासमोर सांगता येत नव्हतं. आवाज धड राहिला नसता, आणि तुझ्या आजारपणात मी तुझ्यापुढे रडायला लागलो असतो तर तू मला आयुष्यभर चिडवलं असतंस. आता चिडव.

आपण कचेरीबाहेर आलो. अनुसयानं तुझ्या पायावर लेकरू घातलं, तू ते उचलून माझ्याकडे दिलंस, ते माझ्या कोटावर मुतलं. सोमाजी बाजूला उभा होता. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसेना. काहीतरी मोजत असल्यासारखा उभा. शेवटी त्यानं तुला विचारलं, ‘मंग खटला कवा हाये जी?’

‘खटला नाई, सोमाजी. झालं.’

‘कबूल नाई कराचं?’

‘काई नाई कराचं. घरी जाचं.’

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, ‘खटला नाई झाला तं माही बारी धराची का नाई धराची?’

तू हसायला लागलास. मीही. आपण दोघं भर रस्त्यात पोट धरून हसत होतो आणि तो बिचारा गंभीरपणे उत्तराची वाट बघत होता, कारण त्याच्या गावाला हे ठरवावं लागणार होतं. आणि तेव्हा सखूबाई त्या जाळ्याची घडी करत पुढे आली. तिनं सोमाजीला खांद्याला धरून बाजूला केलं.

‘तुही बारी बाकी हाये,’ ती म्हणाली. ‘हे माही होती. आजपासून बायकायची नावंबी धरा म्हनाव गावाले. पयलं माहं धरा.’

तुझं हसणं थांबलं. तू तिच्यापुढे वाकलास, वकिली कोटात, कचेरीच्या दारात, सगळ्यांदेखत, आणि हात जोडलेस. वर पाहिलंस तेव्हा तुझे डोळे भरलेले होते, आणि तू माझ्याकडे वळलास, काहीतरी बोलणार होतास. आणि मी, दिगू, मी ‘चला चला, आरमोरीची बस चुकते’ म्हणून ओरडलो आणि चालायला लागलो.

बस चुकली असती तर काय बिघडलं असतं? दुसरी होती.